ट्यूडर दरबारी पोशाख: मोती, कोंदणं आणि काळं भरतकाम घरी कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही अमेरिकेत राहता आणि ऑक्टोबरमधल्या रेनेसान्स फेअरसाठी (जुन्या युरोपच्या वेशात जायची जत्रा) इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या काळातला दरबारी पोशाख शिवताय. झगा जवळजवळ झालाय, दागिने आणि भरतकाम हाताने करायचंय. आई ऑगस्टमध्ये पुण्याहून येणार आहेत, त्या बोहरी आळीतून लागेल ते सामान आणतील. तुमच्या लग्नातल्या ब्लाउजच्या जरदोजीच्या बाह्या उसवून झग्याला लावल्या तर चालतील का, आणि आईंची ठुशी गळ्यात शोभेल का, हेही विचारलंय.

बाह्यांचं आधी सांगते, कात्री लावण्यापूर्वी कळलेलं बरं. उसवू नका.

लग्नाच्या ब्लाउजवरची जरदोजी कापड झाकायला बसलेली असते. दबका आणि सलमा या वळलेल्या तारा, टिकल्या, खडे, मोकळी जागा दिसताच कामा नये. १५३०-४० च्या इंग्लिश दरबारातल्या बाईच्या झग्यात मखमल आणि डमास्क (विणीतच नक्षी असलेलं रेशीम) हेच सगळ्यात महाग, ते झाकायचं कशाला? भरतकाम मुख्यतः आतल्या पांढऱ्या लिननवर, तेही गळ्याशी आणि मनगटाशी डोकावेल एवढंच. सोनं काठाकाठाने. आणि दागिने एका रांगेत: खडा, मोती, खडा, मोती, एकही घर न चुकवता, गळ्यातल्या हारापासून झग्याच्या चौकोनी गळ्यापर्यंत आणि तिथून डोक्यावरच्या पट्टीपर्यंत. त्या पोशाखाचा सगळा थाट या क्रमावर उभा आहे. राजाच्या स्वतःच्या अंगावर भरगच्च सोनेरी काम असे, पण तुम्ही राजा होत नाही आहात.

म्हणून माझा पहिला आग्रह असतो की एकच चित्र निवडा आणि त्याच्याशी लग्न लागल्यासारखं राहा. तुमच्यासाठी चित्रकार हान्स होल्बाइनने १५३६ च्या सुमारास रंगवलेलं, हेन्रीची राणी जेन सीमोर हिचं चित्र उत्तम. ते व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे आणि त्याची मोठ्या आकारातली प्रत सहज मिळते. छापून भिंतीवर लावा, भिंग घेऊन बघा. लाल मखमली झगा, मोठ्या दुमडलेल्या बाह्यांवर सोनेरी दोरीची जाळी, डोक्यावर घराच्या छपरासारखं टोकदार शिरोवस्त्र, त्याच्या कडेला रत्नांची पट्टी, गळ्यात मोत्यांचे पुंजके आणि कोंदणातले खडे आळीपाळीने, तशीच रांग झग्याच्या गळ्याला, छातीवर एक पदक, आणि मनगटाशी लिननच्या झालरीवर काळ्या रेशमाचं बारीक भरतकाम. यादी संपली. या चित्रात नाही ते तुमच्या अंगावर नको.

इतकं कडक बोलण्याचं कारण आहे. फेअरमध्ये दिसणाऱ्या बहुतेक पोशाखांत गळ्यातले मोत्यांचे लांब सर १५८८ च्या, स्पॅनिश आरमारावरच्या विजयाच्या चित्रातल्या राणी एलिझाबेथचे असतात, डोक्यावरची फुलाफुलांची टोपी १६०० च्या आसपासची असते आणि खांद्यावरची मोती ओवलेली सोनेरी जाळी फ्लॉरेन्सच्या एलेओनोरा दि तोलेदोची, १५४५ ची. तिन्ही वस्तू आपापल्या जागी अस्सल, एकत्र आल्या की पेशवाईतल्या बाईला जॉर्जेटची साडी नेसवल्यासारखं होतं.

चित्र म्हणजे फोटो नव्हे, हेही जाताजाता सांगून ठेवते. ब्रोंझिनोने एलेओनोराला ज्या भव्य वेलबुट्टीच्या झग्यात रंगवलं, त्यातच तिला पुरलं अशी कथा फार काळ चालत होती. तिची शवपेटी १८५७ मध्ये उघडली गेली. तिच्या अंगावरचे अवशेष आता फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात आहेत, आणि तो झगा साटीनचा, मखमली पट्ट्यांवर भरतकाम केलेला, चित्रातल्यापेक्षा कितीतरी साधा आहे. तेव्हा चित्रातून रचना घ्यायची, क्रम घ्यायचा, आणि शिवण, टाका, आतली बांधणी यांसाठी संग्रहालयात उरलेल्या खऱ्या वस्तू पाहायच्या.

आता कामाला लागू. सुरुवात सोन्यापासून करू नका, मनगटाच्या झालरीपासून करा. कोणी तुमच्याशी बोलायला थांबलं की त्याची नजर चेहऱ्यावर आणि हातांवरच असते, शिवाय हे काम प्रवासात, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, कुठेही होतं.

पांढऱ्या लिननवर काळ्या रेशमाचं हे भरतकाम इंग्लंडमध्ये स्पॅनिश काम म्हणूनही ओळखलं जाई. १५०१ मध्ये स्पेनहून आलेल्या कॅथरीन ऑफ ॲरागॉनशी त्याचं नाव जोडलं जातं. होल्बाइनने झालरींवरचे नमुने इतके काटेकोर रंगवले की त्यातल्या मुख्य टाक्याला पुढे त्याचंच नाव पडलं. टाका म्हणजे दुहेरी धावदोरा. जाताना एक घर वर, एक घर खाली; परत येताना रिकामी राहिलेली घरं भरायची. दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच दिसते, आणि झालर उलगडली की तिची पालथी बाजूही दिसतेच, म्हणून हाच टाका. तुमच्या घरी कोणाकडे कसुतीची इरकल असेल तर ती उलटी करून बघा. कसुतीतली गवंती हीच. दोन्हींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण ज्या मराठी-कानडी घरांत गवंती येते तिथल्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

कापडाची निवड इथे निम्मं काम करते. मॅटी किंवा दुसुती घेऊ नका. त्यांची भोकं दिसतात आणि झालर पुठ्ठ्यासारखी उभी राहते. शर्टाचं लिनन मऊ असतं, पण त्यात उभे आणि आडवे धागे सारखे नसतात; चौकोन भरायला घ्याल आणि आयत होईल. दुकानात भिंग घेऊन एक इंच उभे धागे मोजा, एक इंच आडवे मोजा. दोन्ही २८ ते ३२ असतील आणि फरक एखाद्या धाग्याचा असेल तर घ्या. भरतकामासाठी खास समधागी लिनन अमेरिकेत सहज मिळतं, त्यासाठी आईंना त्रास नको.

हिशोब असा करा. कापड २८ धाग्यांचं आहे, टाका दोन धाग्यांवर, म्हणजे इंचाला १४ टाके. मनगट सैलसर १७ सेंटिमीटर, म्हणजे साधारण १८८ धागे. नक्षीचा एक तुकडा २४ धाग्यांचा निवडलात तर आठ तुकड्यांना १९२ धागे लागतात, म्हणजे सुमारे साडेसतरा सेंटिमीटर. अर्धा सेंटिमीटर सैल, चालेल. तुकडा २६ चा असता तर सात तुकडे १८२ वर संपले असते आणि पट्टी मनगटाला आवळली असती. हा हिशोब आधी कागदावर केला नाही तर शेवटी अर्धं फूल उरतं आणि ते नेमकं बटणापाशी येतं. झालर चुण्यांची असेल तर मनगटाच्या दुप्पट ते अडीचपट कापड धरा, पण नक्षी पट्टीवर आणि झालरीच्या काठावर एवढीच ठेवा, चुण्यांत ती कोणाला दिसणार?

दुहेरी धावदोऱ्यात वाट आखणं महत्त्वाचं. मुख्य रेषेवरून पुढे जा. वाटेत फांदी लागली की तिच्या टोकापर्यंत जाऊन लगेच परत या, म्हणजे फांदी तिथल्या तिथे पूर्ण होते. मग मुख्य रेषेवरून पुढे. कापडाच्या टोकाला पोचल्यावर परतीचा प्रवास फक्त मुख्य रेषेचा राहतो. परतताना सुई आधीच्या टाक्याच्या भोकातून वर काढताना त्या टाक्याच्या किंचित वरच्या अंगाने काढा आणि खाली नेताना किंचित खालच्या अंगाने न्या, आणि ही दिशा सबंध रांगेत बदलू नका. रेषा दोरीसारखी सरळ बसते. कधी वरून कधी खालून घेतलंत की ती पायऱ्यापायऱ्यांची होते आणि लांबून मळकट दिसते. सुई बोथट टोकाची घ्या, धागा फाटायला नको. गाठ मारायची नाही; सुरुवातीचं शेपूट परतीच्या टाक्यांत लपवा.

रेशीम परवडलं तर बारीक पिळाचं काळं रेशीम घ्या. नाहीतर अँकरची काळी लड, एक पदर. लडीचा काळा रंग सुटू शकतो. भरायच्या आधी गरम साबणाच्या पाण्यात बुडवून, पाणी निवळेपर्यंत खळबळून वाळवा. पांढऱ्या लिननवर करडे ओघळ आले की ते जात नाहीत. त्या काळच्या काळ्या रंगाचं दुखणं वेगळंच होतं. लोखंडाचे क्षार आणि आपल्या बाळगुटीतलं मायफळ असतं तसल्या टॅनिनच्या पदार्थांनी तो करत, आणि तोच रंग हळूहळू रेशीम खातो. संग्रहालयांतल्या कित्येक टोप्यांवर आज काळा धागा उरलेला नाही, फक्त सुईची भोकं आणि खालची आखणी उरली आहे. नक्षी अभ्यासणाऱ्याला मात्र ही भोकं वाचता येतात.

झालरी झग्याला कायमच्या शिवू नका. आत घालायच्या लिननच्या सैल स्मॉकला शिवा, पण सुट्या धावदोऱ्याने. धुवायला काढता आल्या पाहिजेत.

आता दागिने. इथे आपल्या बाजारातल्या सामानाचा खरा फायदा आहे, पण लोक नेमकं चुकीचं उचलतात.

होल्बाइनच्या चित्रात कोंदणातला चौकोनी खडा काळा दिसला की अनेकजण त्याला गोमेद किंवा काळी काच समजतात. बहुतेक वेळा तो हिरा असतो. तेव्हा हिऱ्याला आजच्यासारखे अनेक पैलू पाडत नसत. अणकुचीदार नैसर्गिक स्फटिक तसाच घासत, नाहीतर त्याचं टोक कापून वर सपाट चौकोन ठेवत. मागून बंद असलेल्या सोन्याच्या डबीत तो बसवत. आत गेलेला प्रकाश नीट परत येत नसे, आणि चित्रकार त्याला काळाच रंगवी, कडेला एक पांढरी रेघ ओढून. म्हणून तुमच्या पोशाखावर चमचमणारे पैलूदार खडे, चारी बाजूंनी नखांनी धरलेले, इंद्रधनुषी झाक मारणारे, अजिबात नकोत. लांबून पाहणाऱ्यालाही ते विसाव्या शतकाचे वाटतात.

हवं ते नेमकं बोहरी आळीत किंवा मुंबईला भुलेश्वरात मिळतं: आरीकामाच्या दुकानांत कपड्यावर लावायचं चौकोनी कुंदन. वर सपाट, मागून डाक (चकाकता पातळ पत्रा) लावून बंद, भोवती सोनेरी कड. खड्याखाली डाक देऊन बंद कोंदणात बसवायची रीत आपल्या कुंदनकामातही आहे आणि त्या काळच्या युरोपातल्या सोनारांकडेही होती, त्यामुळे प्लास्टिकचं असलं तरी त्याची ठेवण बरोबर बसते. आईंना सांगा: १२ मिलिमीटरचं, चौकोनीच, कडेला शिवायला भोकं असलेलं, रंग काळा किंवा धुरकट, गडद लाल, थोडं गडद हिरवं. थेंब, बदाम, पान हे आकार नकोत. मिंटी, पीच, बेबी पिंक दुकानदार आग्रहाने दाखवेल, तिथे आईंनी ठाम राहायचं.

मोती ५ मिलिमीटरचे, गोड्या पाण्यातले, किंचित बेढब. एकसारखे गोल पांढरेशुभ्र मोती प्लास्टिकचे वाटतात, बहुधा असतातही. खरा मोती दाताच्या कडेवर हलकेच घासला तर किंचित खरखरीत लागतो. पुण्यात मोती गाठवून देणारे पटवेकरी अजून आहेत, त्यांच्याकडे माळेतून उरलेले, रंगाला थोडे पिवळट मोती स्वस्तात मिळतात, आणि तोच रंग आपल्याला हवा. बजेट आवळतं असेल तर काचेचे मोती घ्या. नकली मोती त्या काळातही होतेच, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

किती लागतील? कोंदण १२ मिलिमीटरचं, त्याशेजारी एकाखाली एक असे दोन मोती, दोन्ही बाजूंना जरा मोकळी जागा, म्हणजे एक घर साधारण दोन सेंटिमीटरचं. झग्याचा चौकोनी गळा ६० सेंटिमीटर धरला तर ३० कोंदणं आणि ६० मोती. गळ्यातला हार ४० सेंटिमीटर: २० आणि ४०. डोक्यावरची पट्टी ४४ सेंटिमीटर: २२ आणि ४४. एकूण ७२ कोंदणं, १४४ मोती. ८० आणि १६० मागवा. थोडे नग जास्त असू द्या, कारण तीच छटा पुन्हा मिळत नाही आणि डाक उडालेले दोन-तीन निघतातच.

रांगेत रंगांचा क्रम ठरवा आणि तो तिन्ही पट्ट्यांत तोच ठेवा. मी दोन काळे, एक लाल असं घेते; हिरवा फक्त बरोबर मध्यभागी. तिन्ही ठिकाणी वेगळा क्रम केलात तर दागिने तीन दुकानांतून आणल्यासारखे दिसतात. झगा आणि दागिने एकाच घडणीचे वाटावेत याकडे त्या काळात फार लक्ष असे, जेनच्या चित्रात ते साफ दिसतं.

बांधणी: दीड सेंटिमीटर रुंदीची जाड विणीची सोनेरी किंवा काळी रिबीन घ्या. तिच्यावर पेन्सिलने दर दोन सेंटिमीटरला खूण. आधी सगळी कोंदणं शिवून घ्या, मग मोती. गोंदाने काही चिकटवायचं नाही, ऑक्टोबरातलं दुपारचं ऊन आणि घाम त्याला तासाभरात सोडवतात. दोरा मेणातून ओढलेला, दुहेरी. प्रत्येक मोत्यांच्या जोडीनंतर पालथ्या बाजूला पक्की गाठ, मगच पुढे. दोरा तुटला तर एकच जोडी जाईल. एलिझाबेथ राणीच्या वस्त्रागारात १५६१ ते १५८५ या काळात एक नोंदवही ठेवली होती, राणीच्या अंगावरून काय काय गळून हरवलं त्याची. सोन्याची बटणं, मोती, झग्यावरची बारीकसारीक सोन्याची घडणावळ. राणीचे शिंपी आणि दासी जिथे वैतागले तिथे आपण काय!

या रिबिनी झग्याला टाचायच्या, शिवायच्या नाहीत. कार्यक्रम झाला की उसवून डब्यात. त्या काळीही रत्नं एका झग्यावरून काढून दुसऱ्यावर लावली जात, त्यामुळे ही सोय इतिहासाला धरूनच आहे.

छातीवरच्या पदकात जेनच्या चित्रात येशूच्या नावाची संक्षिप्त अक्षरं आहेत, खाली मोती लोंबतात. तुम्हाला ती नको असतील तर स्वतःचं आद्याक्षर करा. होल्बाइनने आद्याक्षरं गुंफलेल्या पदकांचे आराखडे काढलेले आहेत, ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि हेन्रीची आधीची राणी ॲन बोलीन हिचं बी अक्षराचं पदक तर सगळ्यांना ठाऊक असतं. पितळी पत्रा मिलिमीटरभर जाडीचा घ्या. अक्षर कागदावर काढून पत्र्यावर चिकटवा, सोनारी करवतीने कापा, कानशीने कडा मारा, खाली तीन भोकं पाडून तीन मोती तारेने लोंबते सोडा. करवतीचं पातं दात खाली करून लावायचं आणि हात उभा वर-खाली चालवायचा. ढकललंत की पातं तुटतं. पाती डझनानेच घ्या. पितळ घामाने हिरवं पडतं आणि लिननला डाग लागतो, म्हणून मागच्या बाजूला पारदर्शक लॅकरचा हात द्या.

भारताशी या सगळ्याचा काही संबंध होता का, असं तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. होता, आणि तो भरतकामापेक्षा खड्यांत जास्त होता. ब्राझीलमध्ये अठराव्या शतकात हिरे सापडेपर्यंत युरोपात पोचणारा जवळजवळ प्रत्येक हिरा भारतातून गेलेला असे, आणि सोळाव्या शतकात त्या व्यापाराचं मोठं ठाणं गोवा होतं. तुमच्या झग्यानंतर चार-पाच दशकांनी, १५८३ मध्ये, लंडनचा व्यापारी राल्फ फिच आणि त्याचे साथीदार पूर्वेकडे निघाले, त्यांच्यात विल्यम लीड्स नावाचा एक जवाहिऱ्या होता. पोर्तुगीजांनी त्यांना इराणजवळच्या होर्मुझला पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकलं. त्यातून सुटून, पळून ते मोगल दरबारापर्यंत पोचले आणि लीड्स अकबराच्या चाकरीत राहिला. फिच एकटा पुढे गेला. लंडनच्या चीपसाइड भागात १९१२ मध्ये तळघर खणताना कामगारांना सुमारे ५०० दागिन्यांचा साठा सापडला, सतराव्या शतकात पुरलेला. त्यात कोलंबियाचे पाचू आहेत तसे भारत, श्रीलंका आणि ब्रह्मदेशाकडून गेलेले खडेही आहेत. मीना केलेल्या नाजूक साखळ्यांसाठी तो साठा जरूर पाहा, पण तुमच्या पोशाखाला तो शंभर वर्षं उशिरा आहे.

भरतकामात संबंध आहे तो पोर्तुगालशी. बंगालच्या सातगावहून पिवळ्या टसर रेशमाने साखळी टाक्यात भरलेल्या मोठाल्या गोधड्या पोर्तुगीज नेत. पलंगावर घालायच्या त्या, अंगावरच्या नव्हेत. आणि आरी तर १५३६ च्या इंग्लंडमध्ये नव्हतीच; हुकाने साखळी टाका घालायची पद्धत युरोपात अठराव्या शतकात रुळली. म्हणून आरी येत असली तरी या पोशाखापुरती बाजूला ठेवा आणि सुईनेच करा. जाणकार माणूस कापड उलटून बघतो आणि त्याला ते लगेच कळतं.

बाह्यांवरच्या जाळीसाठी जर लागेल. खरी जर म्हणजे चांदीची तार सोन्याने मढवून रेशमावर गुंडाळलेली, तिची किंमत ऐकून तुम्ही हा छंद सोडाल. प्लास्टिक जर नको, ती आरशासारखी चकाकते आणि इस्त्रीला आक्रसते. मधली टेस्टेड जर घ्या, तांब्याच्या तारेवर मुलामा असलेली, गोल वळलेला कसब मागा. छटा जुनाट सोनेरी, लिंबू पिवळी नको. हा दोरा कापडातून ओढायचा नाही, त्याची साल निघते. दोन दोरे शेजारी शेजारी कापडावर ठेवा आणि पिवळ्या बारीक रेशमाने दर तीन मिलिमीटरला आडवा टाका देऊन टाचा. शेजारच्या ओळीतले टाके विटांच्या भिंतीसारखे मधोमध. टोकं जाड सुईने मागे काढून तिथेच टाचून टाका. वळण घ्यायचं असेल तर आधी चिमट्याने कोन मोडा, मग टाका. आपोआप वळेल या भरवशावर राहिलात तर कोपरे गोल होतात आणि जाळीचे शंकरपाळे अंडाकृती दिसतात. मखमलीवर थेट आखता येत नाही, खडू लवेत बुडतो. मागे सुती अस्तर लावून, चौकट ताणून, अस्तरावरून धावदोऱ्याने चौकटी वर उमटवा, आणि जर टाचून झाली की तो दोरा ओढून काढा.

ऑगस्ट ते ऑक्टोबर इतक्या वेळात दोन्ही बाह्यांची जाळी होईल असं मला वाटत नाही. झालरी आणि तिन्ही रत्नपट्ट्या झाल्या तरी पोशाख पूर्ण दिसतो. जाळी पुढच्या वर्षी करा.

हे सगळंच जास्त वाटत असेल तर दुसरी वाट आहे. त्या काळी कोणी काय नेसावं याचे कायदे होते; हेन्रीने १५३३ मध्ये केला, एलिझाबेथने १५७४ मध्ये सविस्तर फर्मान काढलं. सोन्याच्या तारांचं कापड, ठरावीक रंगांचं रेशीम, अमुक मखमल हे अमुक दर्जाच्या वरच्यांनाच. लंडनच्या बऱ्या घरच्या व्यापाऱ्याची बायको व्हायचं ठरवलंत तर चांगली लोकर, स्वच्छ लिनन, झालरीवर काळी नक्षी, कमरेला साखळी, बस. मला स्वतःला हा पोशाख जास्त आवडतो. त्यात बसता येतं, जेवता येतं.

ठेवण्याबद्दल दोनच गोष्टी. जरीच्या आणि मोत्यांच्या वस्तूंजवळ डांबरगोळ्या नकोत, अत्तराचा फवाराही नको. मलमलीत गुंडाळा आणि कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवा. आणि रत्नपट्ट्या घडी घालून नव्हे, नळकांड्यावर सैल गुंडाळून ठेवा, घडीवर डाक उडते.

राहिली ठुशी. ती गळ्याशी घट्ट बसते आणि जेनचा हारही गळ्यालगतच आहे, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण ठुशीचे बारीक गोल मणी आणि चौकोनी कोंदणं शेजारी आली की रांग मोडते. चिंचपेटी जरा जवळची, तिच्यात पेट्या आणि मोती दोन्ही आहेत, आणि आईंकडे साध्या घडणीची असेल तर लांबून खपून जाईल. तरी विमानातून, मग गर्दीच्या मैदानात, सोन्याचा दागिना कशाला न्यायचा? कानात काही घालू नका, त्या शिरोवस्त्रात कान झाकलेलेच असतात. नथ किंवा चमकी काढा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर स्मॉकच्या आत सोडा, गळा चौकोनी असला तरी लिननची कड वर येते, दिसणार नाही. बांगड्या मात्र काढाव्याच लागतील, आतली बाही मनगटाशी इतकी तंग असते की काच फुटेल आणि झालरीला लागेल.